कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याचा हिशेब

कर्मचाऱ्यांच्या आजारपणाचा खर्च कसा पेलायचा, या प्रश्नाला आपल्याकडच्या महापालिकांनी प्रामुख्याने दोन उत्तरे देऊन पाहिली आहेत. पहिले प्रतिपूर्तीचे. पुणे महापालिकेची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना या प्रकारातली. कर्मचारी पगारातून वर्गणी देतो आणि मान्य झालेल्या बिलाचा ९० टक्के वाटा महापालिका उचलते. योजना कर्मचाऱ्यांच्या आवडीची आहे आणि त्याच कारणाने तिचा बोजाही मोठा आहे. ती विमा कंपनीकडे सोपवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला. दुसरे उत्तर विम्याचे. मुंबई महापालिकेने २०१५ साली कर्मचाऱ्यांसाठी गटविमा घेतला. कंपनीने हप्ता वाढवून मागितला आणि २०१७ मध्ये तो बंद पडला.

दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे. पैसा हलतो तो माणूस आजारी पडल्यावर, आणि तोही बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावर. त्याआधीची दहा वर्षे, म्हणजे रक्तदाब वाढत होता, साखर चढत होती, गोळी मध्येच सुटली होती, ती ना प्रतिपूर्तीच्या फायलीत दिसतात ना विम्याच्या दाव्यात. तिसरे उत्तर या मधल्या काळासाठी आहे: कामाच्या जागी किंवा तिच्या जवळ, फक्त कर्मचाऱ्यांसाठी चालवलेला दवाखाना. ही कल्पना देशाला नवी नाही. केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत दवाखान्यांपासूनच सुरू झाली. रेल्वेची स्वतःची आरोग्यसेवा आहे. कारखाना अधिनियम १९४८ ने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष सक्तीचा केला. महापालिकांच्या सभागृहांत मात्र असा दवाखाना बहुतेक वेळा एकाच दाव्याच्या जोरावर मांडला जातो, की त्याने पैसे वाचतील. या लेखात तो दावा तपासायचा आहे.

पुरावा काय सांगतो

या विषयावरचे बहुतेक संशोधन अमेरिकेतले आहे, आणि त्यामागे कारण आहे. तिथे अनेक मोठ्या संस्था आणि शहरांची प्रशासने कर्मचाऱ्यांच्या उपचारांची बिले स्वतःच्या तिजोरीतून भरतात. विमा कंपनी फक्त कागदपत्रे सांभाळते. त्यामुळे कर्मचारी निरोगी राहिला तर वाचलेला डॉलर थेट मालकाकडे राहतो.

नगर कर्मचाऱ्यांच्या संदर्भात सर्वाधिक उल्लेखला जाणारा प्रयोग नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल शहराचा. १९९७ च्या सुमारास तिथल्या नगर प्रशासनाने मधुमेही कर्मचाऱ्यांना गावातल्या प्रशिक्षित फार्मासिस्टशी जोडून दिले. फार्मासिस्टने नियमित भेटायचे, साखर पाहायची, औषध नीट चालले आहे का ते विचारायचे, पाय तपासायचे, गरज पडली तर डॉक्टरकडे धाडायचे. आणि त्या बदल्यात कर्मचाऱ्याला मधुमेहाच्या औषधांसाठी स्वतःचा वाटा भरावा लागत नसे. पुढे तिथले एक रुग्णालयही आपल्या कर्मचाऱ्यांसह यात उतरले. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांची साखर सुधारली आणि सुरुवातीच्या तुलनेत दर रुग्णामागे वर्षाचा थेट वैद्यकीय खर्च १,२०० ते १,८७२ डॉलरनी घटला. या आकड्यांच्या आतली घडामोड अधिक बोलकी आहे. औषधांवरचा खर्च वाढला. घटला तो रुग्णालय आणि डॉक्टरांवरचा. म्हणजे आधी जास्त खर्च केला, तेव्हा कुठे नंतरचा कमी झाला.

ॲशव्हिलच्या अभ्यासाला एक मोठी मर्यादा होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. माणूस तब्येत फार बिघडल्यावर अशा योजनेत येतो, आणि बिघडलेली तब्येत पुष्कळदा काही न करताही थोडी सावरते. शिवाय स्वतःहून नाव नोंदवणारा मुळातच काळजी घेणारा असतो. हे दोन दोष या क्षेत्रातल्या कितीतरी अभ्यासांत आहेत. २०१० साली कॅथरीन बायकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. कर्मचारी आरोग्य कार्यक्रमावर खर्चलेल्या दर डॉलरमागे वैद्यकीय खर्चात ३.२७ डॉलर आणि गैरहजेरीत २.७३ डॉलर वाचतात, असा तो निघाला. हा आकडा जगभर सादरीकरणांत फिरला.

नऊ वर्षांनी साँग आणि बायकर यांनी स्वतःच एका किरकोळ विक्री साखळीत चिठ्ठी टाकून प्रयोग केला. १६० दुकानांपैकी २० दुकाने यादृच्छिकपणे निवडली आणि तिथे कार्यक्रम राबवला. सगळे मिळून सुमारे ३३ हजार कर्मचारी अभ्यासात होते. दीड वर्षानंतर निवडलेल्या दुकानांतले लोक व्यायाम आणि वजनाकडे लक्ष देत असल्याचे जास्त सांगत होते. पण रक्तदाब, साखर, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी यांत फरक सापडला नाही. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही खर्चावर परिणाम दिसला नाही. त्या संशोधकांनी आणखी एक काम केले. चिठ्ठीचा निकाल बाजूला ठेवून, फक्त भाग घेतलेले आणि न घेतलेले अशी तुलना त्यांनी त्याच माहितीवर केली, तेव्हा जुन्या अभ्यासांसारखाच घसघशीत फायदा दिसू लागला. निरोगी आणि कमी खर्चाचे लोकच कार्यक्रमात आधी येतात, हे त्यातून उघड झाले.

हे निष्कर्ष मात्र शिबिरे, प्रश्नावल्या, व्यायामाची बक्षिसे अशा कार्यक्रमांचे आहेत. औषध देणारा दवाखाना ही वेगळी गोष्ट. नॅशव्हिलच्या सार्वजनिक शाळांतल्या शिक्षकांसाठी काढलेल्या दवाखान्यांचा अभ्यास झाला, त्यात दवाखाना असलेल्या शिक्षकांचे रुग्णालयात दाखल होणे आणि एकूण खर्च दोन्ही कमी आढळले. चिठ्ठीचा प्रयोग नसल्याने त्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. तरी फायदा कुठून येतो याचा माग पेप्सिको कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात लागतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने कार्यक्रमाचे दोन भाग वेगळे मोजले. आधीच जुनाट आजार असलेल्यांच्या देखरेखीवर खर्चलेल्या डॉलरमागे ३.८० डॉलर परत आले. सर्वांना जीवनशैली सुधारायला सांगणाऱ्या भागातून परत आले फक्त ५० सेंट. देखरेखीच्या भागात थोडेच लोक होते, पण बचतीचा बहुतेक वाटा त्यांच्याकडून आला.

प्रतिबंध म्हणजे बचत, हे समीकरण तर सर्वसाधारणपणेही टिकत नाही. जोशुआ कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की अभ्यासलेल्या प्रतिबंधक उपायांपैकी २० टक्क्यांहूनही कमी उपाय खरोखर पैसे वाचवतात. बाकीचे पैसे घेतात आणि आरोग्य देतात. ही देवघेव परवडण्याजोगी असू शकते, पण तिला बचत म्हणता येणार नाही.

इथला आजार, इथले काम

आता हे सगळे आपल्या महापालिकेत आणून बसवू. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले निष्कर्ष सांगतात की भारतातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. समजा, एखाद्या मध्यम महापालिकेत तीन हजार कर्मचारी आहेत. हेच प्रमाण धरले तर त्यांतले सुमारे ३४० मधुमेही आणि हजाराच्या वर रक्तदाबाचे रुग्ण निघतील. दवाखान्याचे खरे गिऱ्हाईक हे आहे. सर्दी-खोकल्याचा केसपेपर वाढला म्हणून आरोग्य वाढत नाही.

याखेरीज कामागणिक आजार वेगळे. घनकचरा खात्यातल्या सफाई कामगाराची धूळ, कुजलेला कचरा, जड वजन आणि उघडी काच-सुई यांच्याशी रोज गाठ. मलनिस्सारणातल्या कामगाराला विषारी वायू. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्याला लेप्टोचा धोका. मुंबईत जुलै २००५ च्या पुरानंतर त्याची साथ उसळली होती. धनुर्वात आणि कावीळ ब ची लस, पाण्यात उतरल्यानंतर वेळेवर डॉक्सिसायक्लिन, सुई टोचल्यावर तासा-दोन तासांत मिळणारा उपचार ही कामे स्वस्त आहेत. मात्र ती करणारा माणूस चौकीपासून चार पावलांवर हवा. शहरातल्या इतर रुग्णांच्या रांगेतून ही कामे वेळेत होत नाहीत.

रक्तदाबाबाबत तर पद्धत तयार आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यांत महाराष्ट्रातले जिल्हेही होते. त्याचे सूत्र साधे: सर्वांना ठरलेल्या क्रमाने ठरलेलीच औषधे, एका वेळी किमान महिनाभराच्या गोळ्या, रक्तदाब मोजायला प्रशिक्षित परिचारिका, आणि जो ठरलेल्या दिवशी आला नाही त्याला फोन. यातल्या कोणत्याही गोष्टीला मोठे रुग्णालय लागत नाही. सकाळच्या हजेरीच्या वेळी माणसे आपणहून जिथे जमतात, ती मुंबईतली चौकी किंवा पुण्यातली आरोग्य कोठी, यासाठी सर्वांत सोयीची. शेवटच्या कलमाला, म्हणजे न आलेल्याला शोधण्याला, मुकादमाचे हजेरीपुस्तक आयते आहे. पण ते कसे वापरायचे, हा नाजूक भाग आहे. त्याकडे पुढे येऊ.

वेळेचा हिशेब

पैशापेक्षा वेळ ठोस वाटतो, म्हणून दवाखान्याच्या समर्थनात तो नेहमी पुढे केला जातो. आपल्या तीन हजारांच्या महापालिकेत १,२०० जणांना दर महिन्याला तपासणी आणि गोळ्या लागतात असे धरू. महापालिकेच्या किंवा सरकारी बाह्यरुग्ण विभागात त्यासाठी अर्धा दिवस गेला, तर वर्षाला ७,२०० मनुष्यदिवस खर्ची पडतात. हेच काम चौकीजवळ तासाभरात उरकले तर १,८०० दिवस लागतात. म्हणजे ५,४०० दिवस वाचले. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर अठरा माणसांचे काम.

कागदावर हे देखणे आहे, पण त्यात दोन भोके आहेत. एक, आज ही १,२०० माणसे दर महिन्याला जातच नाहीत. रक्तदाब आहे हेच पुष्कळांना माहीत नसते. अर्धा दिवस वाया जातो म्हणून माहीत असलेलेही टाळतात. त्यामुळे दवाखाना सुरू झाल्यावर जाणारा वेळ पहिल्या वर्षी घटण्याऐवजी वाढेल, औषधांचा खर्चही वाढेल. ॲशव्हिलचा धडा हाच आहे. दोन, खाडा पडला की बदली कामगाराला पैसे मोजावे लागत असतील तरच वाचलेला दिवस तिजोरीत दिसतो. बदली मिळतच नसेल तर खाड्याचे ओझे शेजारच्या कामगाराच्या पाठीवर जाते आणि लेखापरीक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही.

खर्च एकाच्या खात्यात, फायदा दुसऱ्याच्या

अमेरिकेत दवाखाना काढणारा आणि बिल भरणारा एकच असतो. आपल्याकडे तसे नाही, आणि हा फरक सगळ्या उसन्या आकड्यांना निकामी करतो. पुण्यासारखी प्रतिपूर्ती असेल तर कायम कर्मचाऱ्याचा टळलेला हृदयविकार महापालिकेचे पैसे वाचवेल. केईएम, नायर, शीव यांसारखी रुग्णालये मुंबई महापालिका स्वतःच चालवते. तिथे बचत झाली तरी ती रुग्णालयाच्या खर्चात विरघळून जाईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली तर पैसा राज्याचा. बाकीच्या पुष्कळ वेळी पैसा कामगाराच्या स्वतःच्या खिशातला. भारतातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के होता, आणि त्यातला मोठा भाग औषधांचा.

म्हणून एखाद्या महापालिकेत दवाखान्याने काहीच वाचवले नाही असे ताळेबंद सांगेल, आणि त्याच वेळी शेकडो घरांतले औषधांचे महिन्याचे बिल नाहीसे झालेले असेल. हा फायदा मोजायचा की नाही, हे आधी ठरवावे लागेल. मालक म्हणून महापालिका तो मोजणार नाही. लोकनियुक्त संस्था म्हणून तिने मोजला पाहिजे.

खर्चाच्या बाजूला आणखी एक स्थानिक अडचण आहे. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन बहुतेक महापालिकांना आधीच जाचते. नवी पदे मंजूर होणे कठीण, म्हणून दवाखाना ठेकेदाराला देण्याकडे कल राहतो. ठेका दिला म्हणजे काम बिघडते असे नाही, पण पैसे कशावर मोजायचे ते ठरवावे लागते. रुग्णसंख्येवर मोजले तर ठेकेदार खोकल्याचे केसपेपर वाढवेल. ज्या नोंदलेल्या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आहे त्यांच्या संख्येवर काही वाटा मोजला, तर तो गोळी चुकवणाऱ्याला फोन करील.

डॉक्टर कोणाचा

हिशेबात न बसणारी गोष्ट विश्वासाची. महापालिकेच्या डॉक्टरकडे कर्मचाऱ्याला आजवर दोनच कारणांसाठी जावे लागत आले आहे: रजेसाठी लागणारे फिटनेस सर्टिफिकेट आणि वैद्यकीय मंडळ. कोणाला लाइट ड्यूटी मिळाली, कोणाचा भत्ता गेला, कोण अपात्र ठरला, हे तिथे ठरते. सफाई कामगारांत याला आणखी एक पदर आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार कामगार वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला तर त्याच्या वारसाला नोकरी मिळू शकते. त्यामुळे कोणी आजार लपवतो आणि कोणी तो कागदावर यावा म्हणून धडपडतो. दोघांनाही डॉक्टर हा उपचार करणारा वाटत नाही. तो निकाल देणारा वाटतो.

अशा डॉक्टरला दारूचे व्यसन, क्षय, एचआयव्ही किंवा झोप न लागणे कोण सांगेल? एचआयव्हीबाबत नोकरीत भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, पण कायद्यापेक्षा केसपेपर कोणाच्या टेबलावर पडतो यावर माणूस विसंबतो. म्हणून उपचाराचा दवाखाना आणि पात्रता ठरवणारे मंडळ यांचे डॉक्टर वेगळे, नोंदी वेगळ्या आणि शक्यतो जागाही वेगळी हवी. मुकादमाला फक्त एवढे कळावे की अमुक कामगाराला अमुक दिवशी तासभर सोडायचे आहे. कारण कळता कामा नये. एवढे पाळले नाही तर उत्तम यंत्रसामग्री असलेला दवाखानाही रजेच्या सर्टिफिकेटांचे दुकान होऊन बसतो.

दारात उभा राहणारा कोण

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. शहर झाडणाऱ्यांत कंत्राटी कामगारांचा वाटा मोठा आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये २,७०० कंत्राटी कामगारांच्या कायम नोकरीचा हक्क मान्य केला. पण कंत्राटी पद्धत त्यानंतरही चालूच आहे. या कामगारांसाठी कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आहे. मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे असा तिचा २०१९ पासूनचा दर. २०२१ साली केंद्राने नगरसंस्थांमधल्या हंगामी आणि कंत्राटी कामगारांपर्यंत ती नेण्याची पावले उचलली. तरी ठेकेदाराने पैसे भरलेच नाहीत, कार्ड दिलेच नाही, किंवा पगार योजनेच्या मर्यादेवर गेला (२०१७ मध्ये ती २१,००० रुपये झाली), की कामगार बाहेर पडतो.

कायम कर्मचाऱ्यांपुरता दवाखाना काढणे प्रशासनाला सोपे जाईल. आरोग्याच्या दृष्टीने ते उलटे होईल, कारण सुई टोचण्याचा आणि गटाराचा धोका ज्यांच्या वाट्याला जास्त, तेच दाराबाहेर राहतील. राज्य विमा योजनेशी जोडून दवाखान्याला कंत्राटी कामगारांच्या उपचारांचा खर्च मिळवता येतो का, हे आधी तपासायला हवे. निदान लस, अपघाताचा प्रथमोपचार आणि रक्तदाब-साखरेची तपासणी एवढे तरी ठेकेदाराच्या नावाची पावती न विचारता सर्वांना मिळावे.

मग काढावा का?

उपलब्ध पुरावा पाहता उत्तर होकारार्थी आहे, पण ज्या कारणासाठी तो सुचवला जातो त्या कारणासाठी नाही. सर्वांना शिबिरे आणि व्याख्याने देणाऱ्या कार्यक्रमातून महापालिकेच्या हाती बचत लागेल अशी आशा धरायला आधार नाही. ज्यांना आजार आहे त्यांना महिन्याच्या महिन्याला गाठणाऱ्या दवाखान्यातून मात्र फायदा होण्याची चांगली शक्यता आहे. पैसे वाचलेच तर ते तिथूनच, तेही दोन-तीन वर्षांनी, आणि प्रतिपूर्ती देणाऱ्या महापालिकेतच ठळकपणे.

स्थायी समितीपुढे प्रस्ताव ठेवताना म्हणून बचतीचा आकडा न मांडता चार मोजमापे मांडावीत: नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात आली, ठरलेल्या दिवशी न आलेल्यांपैकी किती जणांना परत आणले, कामावर इजा झालेल्यांपैकी किती जणांना त्याच पाळीत उपचार मिळाला, आणि या सगळ्यांत कंत्राटी कामगार किती. सगळ्या प्रभागांत एकदम दवाखाने निघणार नाहीतच, तेव्हा पहिले प्रभाग नगरसेवकांच्या आग्रहावर न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवावेत. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. दोन वर्षांनी दवाखाना असलेले आणि नसलेले प्रभाग शेजारी ठेवले की प्रतिपूर्तीची बिले, खाडे आणि रुग्णालयात दाखल होण्याच्या नोंदी स्वतःच उत्तर देतील, आणि पुढच्या प्रभागांसाठी पैसे मागताना प्रशासनाला परदेशातला आकडा उसना आणावा लागणार नाही.